फवारलेला केना

माझ्या नवऱ्याने तणनाशक मारलेली भाजी स्वतःच्या आईला वाढली. भाजी कुठली आहे हे त्याला कळलं तेव्हा पातेलं त्याच्या हातात होतं, आणि तरीही तो मूग गिळून गप्प बसला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट रंगवत नेण्याइतकी मी अजून शांत झालेले नाही. ऐकणारे म्हणतात, जाऊ दे ना, कुणाला काही झालं तर नाही? या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. काही झालं की नाही हे कळायला आम्हाला वाट बघावी लागली, आणि तोवर पणाला लागली होती ती माझ्या सासूबाईंची आधीच अधू झालेली किडनी.

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला राहतो. आमच्या वसाहतीत प्रत्येक घरापुढे गवत आहे आणि ते निव्वळ गवत आहे. त्याला फुलू द्यायचं नाही, वाढू द्यायचं नाही, त्यात दुसरं काही उगवू द्यायचं नाही. गाय ते खात नाही, कारण गाय नाही. मुलं त्यावर खेळत नाहीत, कारण मुलं घरात असतात. शनिवारी सकाळी सगळे नवरे मशिनं घेऊन बाहेर पडतात आणि आठवडाभर ज्याला खतपाणी घातलं त्यालाच भादरतात. हा उद्योग मला पहिल्यापासून बिनडोक वाटत आलाय आणि मी तसं तोंडावर बोलतेही. म्हणून आमच्यात वाटणी झाली होती. पुढचं अंगण नवऱ्याचं, मागचं माझं. पुढे तो काय हवं ते करो. मागे मी काहीच करत नसे, आणि तेच माझं बागकाम होतं.

मागे मला पहिल्यांदा भेटला तो केना. एसीच्या बाहेरच्या युनिटमधून पाणी ठिबकतं, तिथे ओल असते. एका सकाळी तिथे निळं फूल दिसलं, दोनच पाकळ्यांचं, दुपारपर्यंत मिटून जाणारं. मी वर्ध्याची. केन्याच्या पानांची भजी खात मोठी झालेली. ओळख पटायला क्षणही लागला नाही, पण आनंद व्हायच्या आधी मला राग आला. इतकी वर्षं मी इंडियन स्टोअरमधल्या मेथीच्या पिवळ्या पडलेल्या जुड्या उचलत होते, त्यांना नाक मुरडत होते, आणि हा शहाणा माझ्याच भिंतीला टेकून उगवत होता. मी एवढी वर्षं खाली बघितलंच नव्हतं.

मग मी खाली बघायला लागले. ड्राइव्हवेच्या भेगेत घोळ होती, लालसर देठांची, मांसल पानांची. कुंपणाशी काटेमाठ होता. तुळशीच्या कुंडीत आंबुशी घुसली होती आणि तुळशीपेक्षा जोमात होती. यातलं काहीही मी लावलेलं नव्हतं. यातल्या प्रत्येकाला मारायचं औषध मात्र इथे दुकानात रांगेने मांडलेलं असतं आणि बाटलीवर त्यांचेच फोटो असतात, फरारी गुन्हेगारांसारखे.

झाडांमागून इतर मंडळी आली. एसीच्या ओलीत एक जाडा टोड राहायला आला. टोड म्हणजे चामखिळींचा, जमिनीवरचा बेडूक. तो दिवसभर विटेखाली बसायचा आणि वीट उचलली की माझ्याकडे असं बघायचा की मीच आगंतुक. निळ्या शेपटीची एक सापसुरळी दारातल्या पायरीवर ऊन खायची. एकदा माझ्या हातून दार जोरात बसलं आणि तिची शेपटी तेवढी माझ्यापाशी राहिली, वळवळत. ती स्वतः निघून गेली. मला दिवसभर जेवण गेलं नाही. काही आठवड्यांनी ती पुन्हा पायरीवर आली, नव्या बोथट शेपटीची, आणि मी चक्क तिची माफी मागितली.

कुंपणाच्या कोपऱ्यात चिकाचं एक झाड आपोआप उगवलं, इथे त्याला मिल्कवीड म्हणतात. त्यावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या. त्यांनी पानं खाल्ली, शेंगा खाल्ल्या, शेवटी नुसता दांडा ठेवला, आणि लेंड्या तरी किती घालाव्यात. अधाशीपणाचं इतकं निर्मळ रूप मी दुसरं पाहिलेलं नाही. मग त्या एकेक करून नाहीशा झाल्या आणि पुढे एका सकाळी पत्र्याच्या शेडला लोंबणाऱ्या कोशातून केशरी फुलपाखरू बाहेर पडताना मला सापडलं. मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोचले. कारण विचारल्यावर खरं सांगितलं आणि लोक हसले.

नवऱ्याचं म्हणणं एकच, साप येतील. साप आला. काळा, लांब, कुणाच्याही वाटेला न जाणारा. तो कुंपणाच्या कडेने गेला, मी दुसऱ्या कडेने गेले. नवरा काचेच्या दाराआड उभा राहून मला फोन करत होता, आत ये म्हणून.

सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. त्या अलिबागकडच्या. वय पंचाहत्तरीपुढे, किडनीमुळे मीठ मोजून आणि औषधं वेळच्या वेळी. इथे आल्या की त्या दिवाणखान्यात हात मांडीवर ठेवून बसत, परक्याच्या घरी बसावं तशा. मागच्या अंगणात मात्र खुर्ची टाकून दिली की त्यांना वाचा फुटे. ही घोळ आमच्याकडे मोठ्या पानांची असते. हा माठ कोवळा आहे, आजच खुडायला हवा. आम्ही दोघी तिथे भांडतही असू, कारण केना त्यांच्याकडे कुणी खात नाही आणि मी त्याची भजी तळली की त्या म्हणत, "गुरांचं खाणं गं हे." खाताना मात्र मागून घेत.

या अंगणाला वर्षातून एक मानाचा दिवस होता. ऋषिपंचमी. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी पंचमीची भाजी करायची, नांगराखालचं काही खायचं नाही, बैलाच्या कष्टाचं काही तोंडात घालायचं नाही. आपोआप उगवलेलं किंवा परसात हाताने लावलेलं तेवढंच चालतं. या व्रताची कथा मला सहन होत नाही. पाळीच्या दिवसांत बाईने कशाकशाला हात लावला, त्या पापाचं क्षालन म्हणे. मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं की कथा वाचणार नाही, ऐकणारही नाही. भाजी मात्र करीन. वर्षातून एक दिवस दुसऱ्या जिवाला न राबवता जेवायचं, ही गोष्ट मला पटते.

नवऱ्याला यातही विनोद सुचायचा. "अगं, इथे बैल आहेत कुठे? सगळं ट्रॅक्टरवर. म्हणजे आख्खं सुपरमार्केट पंचमीला चालतं. फ्लॉवर आण, ब्रोकोली आण."

सासूबाईंनी त्याला एकदा सुनावलं होतं. "बैल नाहीत म्हणून कुणी राबतच नाही का रे तिकडे?"

माझी आणि त्यांची युती झाली ती त्या दिवसापासून.

आमच्या गणपतीला इथली चार-पाच मराठी कुटुंबं येतात आणि पंचमीला पुन्हा जेवायला येतात, ती याच भाजीसाठी. पुण्याची, मुंबईची, नागपूरची, सगळीकडची. कुणाच्या आईच्या भाजीत अळू असे, कुणाच्या सुरण, त्यावर वाद घालत लोक दोन-दोनदा वाढून घेतात.

त्या वर्षी नवरा एचओएच्या कमिटीवर निवडून आला. एचओए म्हणजे आपल्याकडची सोसायटीची कमिटीच, फरक इतकाच की ही कमिटी घराबाहेर उभी राहून तुमच्या गवताची उंची बघते. कुणाचं कुंपण रंगवायचं राहिलंय, कुणाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो, याची फेरी मारते. आमच्या वसाहतीत कमिटीवर गेलेला हा पहिला भारतीय. त्याला फार कौतुक होतं त्याचं. मी म्हटलं, इतकं शिकलास, या देशात इतकी वर्षं काढलीस, ती लोकांच्या अंगणात नाक खुपसायला? तो हसला. मला वाटलं विषय संपला.

संपला नव्हता. गणपतीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात असताना त्याने लॉन कंपनीचा माणूस बोलावला आणि पुढचं, बाजूचं, मागचं, सगळं फवारून घेतलं. फवारणी झाली की ते लोक गवतात एक छोटं पिवळं निशाण रोवून जातात. औषध मारलंय, दूर राहा, असं त्यावर लिहिलेलं असतं. नवऱ्याने ते निशाण उपटून गॅरेजमध्ये टाकलं. दारात गणपती येणार, पाहुणे येणार, चांगलं दिसत नाही म्हणून.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. चतुर्थीच्या दिवशी मोदकांत मान वर करायला फुरसत नव्हती. भोपळा, पडवळ, मक्याची कणसं मी दुकानातून आणून ठेवली होती, परदेशात तेवढी सवलत सासूबाईंनीही दिली होती. पंचमीला भल्या सकाळी चाळणी घेऊन मागे गेले आणि पालेभाजी खुडली. माठ, घोळ, आणि मुद्दाम भरपूर केना, कारण त्या वर्षी मी सासूबाईंकडून त्याला पंचमीच्या भाजीत प्रवेश मिळवला होता. माठाची शेंड्याची पानं थोडी वाकडी वाटली. वाटलं, उन्हाने. सप्टेंबरात इथे रॅगवीड नावाचं तण फुलतं आणि त्याच्या परागांनी माझं नाक महिनाभर बंद असतं. मला कसलाही वास येत नव्हता. भाजी मी पाटीत घालून सासूबाईंपुढे ठेवली आणि त्यांनी अंगणात बसून ती निवडून दिली, पान न् पान.

आमच्याकडे या भाजीला फोडणी नाही, मसाला नाही. हिरवी मिरची, चिंचेचा कोळ, ओलं खोबरं, मीठ बेताचं. बरोबर वरीचा भात आणि दही. पंचमीचा उपास धरणाऱ्यांना त्या दिवशी एवढंच अन्न. सासूबाई तो उपास धरतात. म्हणजे बाकीच्यांच्या ताटात इतर चार पदार्थ होते, त्यांच्या ताटात भाजी आणि भात.

दिवाणखान्यात सतरंज्या घालून पंगत बसली. माझ्याकडे एवढी एक हौस आहे, स्टीलची ताटं, खाली बसून जेवण, यजमानाने वाढायचं. नवऱ्याने भाजीचं पातेलं उचललं. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "काय मस्त रंग आलाय गं. यंदा पटेलांच्या दुकानातला माठ का?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "छे. पालेभाजी सगळी आपल्या मागच्या अंगणातली. आज सकाळी खुडलेली."

मी नवऱ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. तो क्षणभर थांबला आणि मग वाढायला लागला. चमचा चमचा. पंचमीच्या भाजीचा डाव भरून घालतात, हा लोणच्यासारखी ताटाच्या कडेला लावत चालला होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एका काकांनी थट्टा केली, "काय यार, कमिटीवर गेलास आणि रेशनिंग सुरू केलंस?"

सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या घरच्या पंगतीत हात आखडता घेतलेला मला चालत नाही. मी उठले, पातेलं त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "दे इकडे. वाढायची सुद्धा दानत लागते."

तो म्हणाला, "अगं, ऐक तर."

मी म्हटलं, "तू दही वाढ."

आणि त्याने दही वाढलं. गंमत बघा. तोंड उघडायला त्याला एवढी जागा मिळाली होती. तो दही वाढत गेला.

मी डाव भरभरून भाजी वाढली. आपल्याकडे आग्रह म्हणजे काय हे सांगायला नको. नको म्हणणाऱ्याला आणखी वाढायचं, हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं. मी सासूबाईंनाही दुसऱ्यांदा वाढली. त्या म्हणाल्या, "पुरे गं." मी म्हटलं, "उपास आहे तुमचा, दुसरं काय खाणार आहात?" त्यांनी खाली मान घालून ताट स्वच्छ केलं. त्यांच्या पिढीत पानात टाकत नाहीत.

नवऱ्याने स्वतः भाजी घेतली नाही. पोट ठीक नाही म्हणाला.

जेवणं झाली, लोक बाहेर गप्पा मारत बसले. मी कॉफीचं बघायला स्वयंपाकघरात गेले तर हा ओट्यापाशी पाठमोरा उभा. उरलेली भाजी कचऱ्याच्या पिशवीत ओतून वर पेपर टॉवेल दाबत होता. या माणसाने आयुष्यात अन्न टाकलेलं मी पाहिलेलं नाही. शिळी पोळी कुस्करून खाईल, पण टाकणार नाही. मी नुसतं विचारलं, "काय झालं?"

त्याने सांगितलं. हळू आवाजात, वाक्य तोडत तोडत. "परवा स्प्रे केलंय मागे. दुकानातल्या भाज्या बघितल्या, मला वाटलं यंदा पालेभाजीही तू स्टोअरमधून आणलीस. मला खरंच माहीत नव्हतं गं."

"मागचं फाटक आतून बंद असतं. कुणी उघडलं?"

"मीच."

"आणि निशाण?"

"काढून ठेवलं."

"भाजी अंगणातली आहे हे कळल्यावर बोलला का नाहीस?"

"लोकांसमोर कसं बोलणार? म्हणून तर थोडी थोडी वाढत होतो. वाळल्यावर फारसा इफेक्ट राहत नाही म्हणतात."

"मग तू का नाही खाल्लीस?"

त्याने कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारली. माझा हा प्रश्न त्याला नंतरही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या आवाजात विचारून झालाय.

मी बाहेर निघाले तेव्हा त्याने माझा दंड धरला. "प्लीज. आत्ता नको. मी सगळ्यांना नंतर फोन करून सांगतो." मी हात झटकला आणि बाहेर जाऊन उभ्या उभ्या सांगितलं. तुम्ही जी भाजी खाल्लीत तिच्यावर तणनाशक मारलेलं होतं. मला माहीत नव्हतं, याला माहीत होतं.

दिवाणखान्यातून एक जणी उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. औषध कंपनीत काम करणारे एक काका समजावायला लागले की सगळं डोसवर असतं, घाबरायचं कारण नाही. ते बोलत होते आणि त्यांचा हात पोटावर होता. ज्या काकूंनी रंगाचं कौतुक केलं होतं त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कशाला सांगितलंस गं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्हाला कळलंही नसतं."

मला त्यांचा राग नवऱ्यापेक्षा जास्त आला. पोटात विष असलं तरी चालेल, पण पंगतीत अप्रिय बोलायचं नाही. अशी ही आमची संस्कृती आणि ती आम्ही सातासमुद्रापार जपून आणलेली आहे. मी म्हटलं, "काकू, उद्या उलट्या व्हायला लागल्या तर डॉक्टरला काय सांगाल, कोळंबी खाल्ली?"

लोक गेले. जाताना कुणी डबा मागितला नाही.

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या राज्यात नर्स आहे. आमची मुलगी आमच्याशी इंग्रजीतच बोलते, घाबरली की जास्तच. "मॉम, स्टॉप येलिंग. कॉल पॉयझन कंट्रोल राइट नाऊ. अँड फाइंड आउट व्हॉट ही स्प्रेड." विषबाधेच्या हेल्पलाइनवरच्या बाईने औषधाचं नाव विचारलं. ते नवऱ्याने लॉन कंपनीला फोन करून मिळवलं. बाई शांतपणे म्हणाली की निरोगी माणसाला एवढ्याने बहुधा काही होणार नाही, लक्ष ठेवा. मग मी सांगितलं की एका माणसाने दुपारचं जेवण म्हणून तेवढंच खाल्लंय, वय इतकं आहे आणि किडनी अधू आहे. तिच्या आवाजातला सहजपणा कमी झाला. तिने डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, रक्त तपासा म्हणाली, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा.

ते मधले दिवस मी कसे काढले हे माझं मला माहीत. सासूबाई पलंगावर पडून होत्या, मळमळतंय म्हणत होत्या, आणि मळमळ औषधाची की भीतीची हे कुणी सांगू शकत नव्हतं. मी त्यांना पाणी पाजत होते, त्यांच्या पायांवर सूज येते का बघत होते. नवरा उंबऱ्यात येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. एकदा तो माझ्याशी बोलला. म्हणाला, "तुला आधीच सांगितलं असतं तर तू ऐन गणपतीत तमाशा केला असतास. म्हणून नंतर सांगणार होतो."

म्हणजे चूक माझ्या रागाची. त्याने फाटक उघडलं, त्याने निशाण काढलं, त्याने आईच्या ताटात पहिला चमचा घातला, आणि कारण काय तर बायको चिडते. मी चिडते हे खरं आहे. मी चिडते म्हणून तर आमच्या घरात निदान एक माणूस खरं बोलतं. मी त्याला त्याच चिडक्या आवाजात एवढंच सांगितलं की लॉन कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट मी कॅन्सल केलंय आणि तुझ्या कमिटीला काय सांगायचं ते तू बघ.

दरम्यान मागे अंगण मरत होतं. असल्या औषधाने झाड लगेच जळत नाही, ते आधी पिळवटतं. माठाचे शेंडे वळून खाली आले. घोळ फिकट पडली, विरघळल्यासारखी जमिनीला चिकटली. केन्याचे देठ पेरापेरांशी फुगून फुटले. मिल्कवीडची पानं चामड्यासारखी झाली आणि त्यावरच्या अळ्या खाता खाता थांबल्या, काही तिथेच लोंबत राहिल्या. मी वीट उचलून बघितली. खाली टोड नव्हता. गेला की मेला, मला कळलं नाही. निदान पायाने चालता येणाऱ्याला पळायचा पर्याय असतो.

दुसऱ्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टरांनी आकडे बघितले आणि म्हणाले, पहिल्यासारखेच आहेत, बिघडलेलं काही नाही. सासूबाईंनी मान डोलावली, पर्स छातीशी धरली आणि आम्ही दोघी पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसलो. मी गाडी सुरू केली नाही.

त्याच बोलल्या. "मला वास आला होता गं."

"कसला?"

"भाजी निवडताना. घासलेटासारखा. आधी वाटलं, माझ्या हाताला काही लागलंय. मग धुऊन आले तरी येतच होता. जेवताना पण जिभेला लागत होतं."

"मग बोलला का नाहीत, आई?"

त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या. "सकाळपासून तू किती खुशीत होतीस. आणि केना माझ्याकडे चालत नाही हे तुला माहीत. मी काही बोलले असते तर तुला वाटलं असतं, म्हातारी मुद्दाम खोड काढतेय. तू चिडली असतीस. इतकी माणसं आलेली." मग मांडीवरची पर्स सरळ करत त्या म्हणाल्या, "म्हणून खाल्ली."

मला संताप आला. त्यांचा, नवऱ्याचा, त्या काकूंचा, सगळ्या जगाचा. मी ओरडले. किडनी अधू झालेल्या म्हाताऱ्या बाईवर, डॉक्टरांच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत ओरडले. जिवावर बेतलं असतं तर? माझ्या रागाला घाबरून जीव द्याल? यापुढे काही वास आला, काही खटकलं, तर माझ्या तोंडावर सांगायचं, ओरडून सांगायचं, कळलं?

त्यांनी लगेच मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तसं."

आणि त्या घाईघाईने सीटबेल्ट शोधायला लागल्या. तो त्यांना लागेना. मी वाकून लावून दिला, आणि मी वाकले तशी त्यांनी मान किंचित मागे घेतली.